उगवतीचं दार

दसरा झाला की वाशिमच्या आमच्या रस्त्यावरून सोयाबीनच्या ट्रॉल्या जायला लागतात. त्यांच्यामागे बारीक, खाजरी धूळ उडते आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरींत जाऊन बसते. घशात खवखव, सटासट शिंका आणि पोटात एक गोळा. गेली कित्येक वर्षं तो गोळाही धुळीमुळेच येतो असं मी स्वतःला सांगत आले. यंदा ते जमत नाही. यंदा बाबा रिसोडचं घर बंद करून आमच्याकडे राहायला येणार आहेत, कायमचे, आणि मी त्यांची खोली तयार करते आहे.

तयार करते आहे म्हणजे काय, तर रिकाम्या खोलीत जाऊन उभी राहते आणि घाबरते. पलंग या भिंतीला लावावा की त्या? दिव्याचं बटण कुठे हवं? न्हाणीच्या पायरीच्या कडेला मी पिवळी पट्टी चिकटवली, तेव्हा विलास, म्हणजे माझा नवरा, म्हणाला की हे कशाला, बाबांना तर चांगलं दिसतं. मी म्हटलं, आता दिसतं. त्याने पट्टीचं दुसरं टोक दाबून धरलं. विलासचं हे बरं आहे, कुठे थांबायचं ते त्याला कळतं.

बाबांना काचबिंदू आहे. दृष्टी कडेकडेने जाते, मधलं बरेच दिवस नीट दिसत राहतं आणि माणूस त्यावर फसतो, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून सांभाळायची. मग त्यांनी विचारलं, घराण्यात कुणाला होता का? बाबा चटकन ‘नाही’ म्हणाले. मी म्हटलं, ‘मोठेबाबांना.’ बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी जणू भर पंचायतीत त्यांची चुगली केली.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांचं लग्न झालं नव्हतं. माझ्या जन्माआधीच त्यांची नजर पूर्ण गेली होती. कशाने गेली ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, ‘गेली’ एवढंच ठाऊक होतं. आम्ही शिरपूर-रिसोड रस्त्याच्या आतल्या एका लहान गावातलं घर सोडून रिसोडला राहायला आलो, ते मोठेबाबांना सोबत घेऊन. त्या घर हलवण्याने त्यांचं काय झालं ते मी पाहिलेलं आहे. आता तोच आजार, तीच कापणी संपत आल्याची हवा, आणि सामान बांधायची पाळी माझी.

गावातलं आमचं घर साधंच होतं. पुढे ओसरी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे परसात विहीर. दार उगवतीला. मोठेबाबांची बाज ओसरीत असे. उजव्या अंगाला उठलं की समोर दार, दारातून बाहेर पायरी, आणि पायरीवर सकाळचं ऊन. ते पहाटे उठत, स्वतःच्या हाताने विहिरीचं पाणी काढत, तोंड धुवून पायरीवर येऊन बसत आणि चेहऱ्यावर ऊन आलं की अंबाडीचा दोर वळायला घेत. नव्या माणसाला ते आंधळे आहेत हे सांगावं लागे. एकदा आलेल्या पाहुण्याने त्यांना चक्क पेपर वाचायला दिला होता. मोठेबाबांनी तो घेतला, घडी घालून मांडीखाली ठेवला आणि म्हणाले, सावकाश वाचतो.

लोकांना वाटतं, आंधळा माणूस पावलं मोजून चालतो. मोठेबाबा कधी काही मोजत नसत. ते दिशांनी चालत. त्यात त्यांचं एकट्याचं काही नव्हतं, आमच्याकडे सगळेच दिशांनी बोलत. डावं-उजवं आम्ही शाळेत शिकलो. घरात मीठ मावळतीच्या फळीवर असे, विळा उगवतीच्या खुंटीला, आणि जेवायला बसलं की ‘वरतं सरक’ म्हणजे उत्तरेकडे सरक. बैलाच्या कुठल्या अंगाला गोचीड आहे हेसुद्धा दिशेवरूनच सांगत. बैल फिरला की गोचिडाची दिशा बदले, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

यात माझं एक काम ठरलेलं होतं. जुन्या रीतीप्रमाणे आई भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलत नसे. मोठेबाबा तीन हातांवर बसलेले असले तरी ती मला सांगे, ‘सांग वो मोठेबाबाले, पाण्याचा तांब्या उगवतीकून ठेवला.’ ते तिचं बोलणं ऐकत, तरी मी सांगेपर्यंत हात हलवत नसत. मग मी सांगायची आणि मगच ते तांब्या घ्यायचे. आईचा आवाज आणि त्यांचे हात यांच्यामध्ये मी अशी वर्षानुवर्षं उभी होते. मला ते फार कंटाळवाणं वाटे.

आठवीपासून मी रिसोडला एसटीने शाळेत जायला लागले. बस कधी यायची, कधी यायची नाही, आणि अंधार पडल्यावर मी फाट्यावरून चालत यायची तेव्हा बाबा अर्ध्या वाटेवर उभे असायचे. त्यांनी रिसोडच्या कडेला एका नव्या ले-आउटमध्ये लहानसं घर बांधायला घेतलं. शेती गावचीच, फक्त राहायचं तिथे आणि गाडीने जा-ये करायची. तुळशीचं लग्न झालं की जायचं, असं ठरलं. सोयाबीन घरात येईल, तूर फुलावर असेल, मध्ये थोडी सवड मिळेल, हा हिशेब.

आईने बांधाबांध दसऱ्यापासूनच सुरू केली. आधी वरच्या फळीवरची, वर्षात एकदा लागणारी भांडी पोत्यांत गेली. मग जुनी गोधडी, पाट, वरवंटा. रिकामी पोती सोयाबीनचीच होती, म्हणून प्रत्येक भांड्याला कुटाराचा, मळणीच्या भुशाचा, वास लागला. बाहेर आभाळ सारखं भरून येत होतं. शेतात सोयाबीनच्या गंज्या ताडपत्रीखाली झाकलेल्या, मळणीयंत्रवाला आज येतो, उद्या येतो करत होता, आणि पाऊस पडतही नव्हता, हटतही नव्हता. त्या महिन्यात ऊन असं आम्ही पाहिलंच नाही. सगळ्या गावाचा जीव टांगणीला लागला होता आणि आमच्या घरात त्यात ही उचलाठेव.

एके दिवशी मोठेबाबा माजघरात येऊन उभे राहिले आणि त्यांनी नुसतं खाकरून पाहिलं. मग मला म्हणाले, ‘घर बोलाले लागलं वो.’ मला काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा खाकरून दाखवलं आणि मलाही ऐकू आलं. भांडी, पोती, गोधड्या निघून गेलेल्या खोलीत आवाज भिंतीवर जाऊन परत येत होता. मला एकदम घाबरायला झालं. तोवर घर सोडणं म्हणजे पोती बांधणं एवढंच मला वाटत होतं.

त्यानंतर ते आपटायला लागले. आईने लोखंडी पेटी माजघराच्या वाटेत ओढून ठेवली होती, तिच्यावर त्यांची नडगी सोलवटली. दुसऱ्या दिवशी पेटी उचलून दुसरीकडे ठेवली, तर तिथेही ती त्यांना भेटली. आमच्या घरात इतक्या वर्षांत कुणी मोठेबाबांना धडपडताना पाहिलेलं नव्हतं. पडलं की थोडा वेळ तिथेच बसत, हाताने आजूबाजूचं चाचपून घेत आणि मगच उठत. मी शाळेतून आले की आधी त्यांच्या नडग्या पाहायची.

शेजारच्या पार्वताकाकू रोज एक चक्कर मारत. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहत, बांधलेल्या पोत्यांकडे बघत आणि च्‌ च्‌ करत. घर बदलल्यावर वर्षाच्या आत गेलेल्या माणसांच्या गोष्टी त्यांच्याकडे भरपूर होत्या आणि त्या सांगण्यात त्यांना कंजूषपणा नव्हता. कुणाचा तरी चुलता, कुणाची तरी सासू, सगळे नव्या घरात पाय ठेवताच अंथरुणाला खिळलेले. ह्या बाईंच्या जिभेला हाड नाही, असं आई त्या गेल्यावर पुटपुटायची. पण मग कितीतरी वेळ ती हातातलं काम विसरून ओसरीकडे बघत बसायची.

आम्हा सगळ्यांची भीती येऊन थांबली ती विहिरीवर. तिचा कठडा बुटका होता. घरातल्या घरात ठेचकाळणारा माणूस उद्या पाणी काढायला गेला आणि तोल गेला तर? बाबांनी विहिरीवर बांबूची ताटी टाकली आणि तिच्यावर बाभळीची झुडपं ओढून ठेवली. पहाटे मोठेबाबांच्या हाताला काटे लागले. ते ओसरीत आले आणि बाबांना म्हणाले, ‘जन्मभर मी तिथं पानी काढून राह्यलो. आता झाकली काहून?’ बाबांनी भावाच्या तळहातातला काटा सुईने काढला.

चुलत घराण्यातल्या कुणीतरी सुचवलं होतं की मोठेबाबांना इथेच राहू द्या, आम्ही दोन वेळा भाकर देऊ. बाबांनी ते घरात सांगितलं तेव्हा मोठेबाबा दोर वळत होते. ते थांबलेसुद्धा नाहीत. म्हणाले, ‘मानसाइले सोडून घराले काय करू?’ विषय संपला. मला फार बरं वाटलं होतं, आणि बाबांना माझ्याहून जास्त.

त्या एका वाक्याने बाबांना जे भूत लागलं ते पुढे उतरलंच नाही. नवीन घर मोठेबाबांना नवीन वाटताच कामा नये, असं त्यांनी ठरवलं. अंगणात काडीने रेघा ओढून ते गवंड्याला समजावून सांगत. दारातून आत गेलं की ओसरीएवढीच खोली, तिच्या मागे तेवढंच माजघर, त्याच्या मागे स्वयंपाकघर, आणि मागच्या दारी पाण्याचा हौद, विहिरीच्या ठिकाणी. दारासमोरच्या पायरीची उंचीसुद्धा तीच. फळ्या त्याच उंचीवर, खुंट्या त्याच ठिकाणी. गवंडी वैतागला असणार, पण बाबा रोज जाऊन उभे राहत. आईने एकदा म्हटलं की तिथलं दार मावळतीला पडतं. बाबा म्हणाले, रस्ता मावळतीला आहे, दार दुसरीकडे कसं काढणार? आणि दारातून आत आल्यावर समदं तेच तर आहे. आईलाही ते पटलं. मलाही पटलं. आम्ही डोळसच ना, आम्हाला घर दारापासून सुरू होतं असंच वाटणार.

सामान जाण्याआधी मोठेबाबांना एकदा ते घर दाखवायला नेलं. आभाळ दाटून आलेलं, सकाळ की दुपार ते कळू नये असा काळवंडलेला दिवस. एसटी, मग रिक्षा, मग ले-आउटच्या कच्च्या गल्ल्यांची वळणं. बाबांनी त्यांना पायरीवर उभं केलं आणि हात सोडला. मोठेबाबा आत गेले. भिंतीला हात लावत, फळी चाचपत ते मागच्या दारापर्यंत गेले आणि तसेच, कुठेही न अडखळता परत आले. हौदाला हात लावून ते हसले. ‘समदं तसंच केलं रे तू,’ एवढंच म्हणाले. बाबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं, आणि मी पाहिलं की ते रडत होते. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. परतताना एसटीत दोघे भाऊ बिस्किटाचा पुडा वाटून खात होते, आणि इतके दिवस मनात चुकचुकणारी पाल गप्प झाली असं मला वाटलं.

निघायच्या दिवशी पहाटे धुवारी पडली, दाट धुकं. तुरीच्या फुलाला ती वाईट. बाबांनी एकदा शेताच्या दिशेने पाहिलं आणि ट्रॉलीचा दोर आवळायला घेतला. विस्तव, देव, पाण्याची घागर आधी गेली. मोठेबाबांची बाज सगळ्यात शेवटी उचलली, कारण ते तिच्यावर बसून होते. उठले तेव्हा त्यांनी रिकाम्या ओसरीत हाक मारावी तसं काहीतरी म्हटलं, शब्द नव्हता तो, नुसता आवाज. तो परत येईपर्यंत थांबले. मग माझा खांदा धरून बाहेर आले. पार्वताकाकूंनी माझ्या ओटीत मूठभर तांदूळ घातले आणि मोठेबाबांकडे बघून पदर तोंडाला लावला. मला त्यांचा भयंकर राग आला.

नवीन घरात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आईने दूध उतू घातलं. बाबांनी दिवे लावून सगळं सामान ठरल्या जागी लावलं. बाज ओसरीच्या खोलीत, उजव्या अंगाला उठलं की समोर दार, अगदी तशीच. मोठेबाबा झोपले. आम्ही सगळेच मेल्यासारखे झोपलो.

सकाळी मला जाग आली ती हौदातल्या पाण्याच्या आवाजाने. मोठेबाबा उठले होते. एकटे मागच्या दारी गेले होते, पाणी काढत होते. बाबा माजघराच्या दारात उभे राहून त्यांच्याकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ‘बघ,’ असं ते मला ओठांनीच म्हणाले. मोठेबाबा आमच्या अंगाला अंग न लागू देता मधून निघून गेले, सरळ, डौलात, बाहेर पायरीवर जाऊन बसले. दोराची गुंडाळी मांडीवर घेतली. चेहरा वर केला.

बऱ्याच दिवसांनी त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. समोरच्या घरांच्या भिंती त्याने पिवळ्या झाल्या होत्या. पायरीवर मात्र आमच्या घराची सावली होती. मोठेबाबा वाट पाहत बसले. दोर वळायला घेतला नाही. कितीतरी वेळाने त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, ‘दिवस निंघाला का वो?’ मी म्हटलं, हो, सूर्य केव्हाचाच वर आला. त्यांनी हात पुढे केला, तळवा वर करून धरला. ‘मंग मले काहून लागून नाई राह्यला?’

आई दारात आली होती. तिने पायरीकडे पाहिलं, समोरच्या भिंतींकडे पाहिलं, मग मागे वळून बाजेकडे पाहिलं, आणि तिचा हात कपाळावर गेला. बाज अगदी तशीच लावली होती, घर उलटं. गावी दक्षिणेकडे असलेलं उसं आता उत्तरेला आलं होतं. उत्तरेला डोकं करून आमच्याकडे फक्त मेलेल्या माणसाला ठेवतात. नव्या घरातली पहिली रात्र आम्ही त्यांना तसं झोपवलं होतं. मी सांगायची वाट न बघता, पदर सावरून, आई जन्मात पहिल्यांदा भासऱ्यांशी थेट बोलली. ‘मोठेबाबा, दार मावळतीले हाये.’

तिचं थेट बोलणं ऐकूनच ते दचकले असावेत. मग त्यांनी पुढे केलेला हात हळूहळू मांडीवर घेतला आणि मान खाली घातली.

आईने त्याच दिवशी बाज फिरवली. उसं दक्षिणेला गेलं, पाप टळलं, पण आता उजव्या अंगाला उठलं की समोर भिंत. मोठेबाबा दुसऱ्या सकाळी सरळ भिंतीवर गेले. बाबा हट्टाला पेटले. त्यांनी फळ्या हलवल्या, खुंट्या उपटून दुसरीकडे ठोकल्या. पण दार कसं हलवणार? स्वयंपाकघर कसं उचलणार? अर्धं घर दिशेने लागलं, अर्धं दाराने. त्यातच आमच्या जिभा. आई सवयीने ‘मावळतीच्या फळीवर’ म्हणायची आणि तिच्या मनात गावची फळी असायची. मी आता डावं-उजवं सांगू लागले तर ते विचारायचे, कोणाचं डावं? घरातल्या एकाही माणसाच्या बोलण्यावर त्यांना विसंबता येईना. दुपार कलल्यावर पायरीवर ऊन यायचं, त्यांच्या चेहऱ्यावर पडायचं, आणि ते चूळ भरायला पाणी मागायचे, सकाळचा चहा मागायचे. पहिल्यांदा मी हसले होते. नंतर नाही.

महिना-दीड महिन्यात त्यांनी उठणं सोडलं. पडले नाहीत, आजारी नव्हते. एका सकाळी त्यांनी नुसता हात पुढे केला आणि म्हणाले, ‘मले धरून नेत जा.’ त्यानंतर ते एकटे कुठेही गेले नाहीत. दोराची गुंडाळी बाजेखाली तशीच राहिली. आम्ही विहीर झाकली, काटे पसरले, डोळ्यांत तेल घालून पहारा केला, आणि जे जपत होतो ते घराच्या मधोमध, आमच्या देखत गेलं. ते त्यानंतरही काही वर्षं जगले. पार्वताकाकूंचा वर्षाचा वायदा खोटा ठरला, असं कुणीतरी म्हणालं तेव्हा बाबा ताटावरून उठून गेले होते.

बाबा त्याबद्दल एकदाच बोलले, मोठेबाबांच्या दहाव्याला. घाटावरून परत येताना, कुणी विचारलेलं नसताना. ‘घर आणलं मी समदं. दिवस आणाचा राह्यला.’

आता त्याच घरात बाबा एकटे आहेत. आई जाऊन दोन पावसाळे झाले. माझा भाऊ नाही, बहीण नाही, त्यामुळे आमच्याकडे येण्याचं मी सुचवलं तेव्हा बाबा फार अडून बसले नाहीत. सोयाबीन होऊ दे म्हणाले. मग म्हणाले, तूर होऊ दे. मी मनात म्हटलं, नको घाई. मी ह्या खेपेला सगळं नीट करणार होते. आमचं दार उत्तरेला आहे, हे मी आधीच तपासून ठेवलं. त्यांच्या खोलीची खिडकी उगवतीला येते. उसं दक्षिणेला. त्यांची बाज, त्यांची पेटी, त्यांचा आरसा, सगळं आधी आणून, लावून, दिव्यात आणि उन्हात बघून, मगच त्यांना आणायचं, असा माझा बेत होता. विलासने त्यासाठी टेम्पोही बोलून ठेवला.

आज सकाळी मी सामान बघायला रिसोडला गेले. बाबा पायरीवर बसले होते. मी कडेच्या बाजूने आले तर त्यांना मी दिसले नाही. पार जवळ जाऊन हाक मारली तेव्हा ते दचकले, आणि मग फार मोठ्याने हसले. आत चहा करताना त्यांनी कप ओट्याच्या कडेवर ठेवला, हात तसाच आडवा नेला आणि कप खाली गेला. फुटला. त्यांनी मला पुढे येऊ दिलं नाही, स्वतःच वाकून तुकडे वेचायला लागले. मधले तुकडे वेचले. कडेचे तसेच राहिले.

गाडी अंगणात उभी होती. मळणीच्या दिवसांत रोज शेतात जातो असं ते मला फोनवर सांगत होते. गाडीच्या सीटवर धूळ होती, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरच्या मळणीच्या कुटाराची, जाड, बोटाने रेघ ओढता येईल अशी. कित्येक दिवसांत तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. त्याबद्दल न विचारता मी सामान मोजत राहिले, बाज, पेटी, आरसा, आणि माझा आवाज नीट राहावा म्हणून उगाच टेम्पोबद्दल बोलत राहिले. शनिवारी सामान नेते, सगळं जागेवर लावते, तुमचं समाधान होईल असं लावते, आणि तूर आली की तुम्हाला न्यायला येते, असं मी म्हणत होते.

बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांनी मला बोलू दिलं, अगदी संपेपर्यंत. मग म्हणाले, ‘वैशू, सामान राहू दे. सामान मंग आण. अदुगर मले ने.’

मी म्हटलं, पण बाबा, खोली अजून लागली नाही.

‘लागू दे न माह्या समोर. कोनती वस्तू कुठं ठेवतं ते मले पाहून घेऊ दे. आजच ने माय. अजून दिसते तवर.’